पोहता न येणाऱ्या प्राध्यापिकेने समुद्रसहलीची जबाबदारी घ्यावी का?

प्रश्न : मी सांगलीतील एका महाविद्यालयात गेली दोन वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवते आणि निसर्ग मंडळाचे काम माझ्याकडे आहे. मंडळाच्या बावीस विद्यार्थ्यांनी, त्यांत नऊ मुली आहेत, जानेवारीत मालवणजवळच्या देवबागला तीन दिवसांची सहल ठरवली आहे. दिवसा समुद्रात कयाक, म्हणजे एक-दोन जणांनी वल्हवायची अरुंद होडी, चालवायची आणि रात्री किनाऱ्यावर तंबूत राहायचे, असा बेत आहे. चांदणे मिळावे म्हणून तारखा पौष पौर्णिमेच्या आगेमागे धरल्या आहेत. संयोजक एका विद्यार्थ्याने मोबाइलवर शोधून काढला असून निम्मी रक्कम आगाऊ भरून झाली आहे. प्राचार्यांनी ‘मॅडम, तुम्ही सोबत जा’ एवढे सांगून तोंडी परवानगी दिली. माझी अडचण अशी की मला पोहता येत नाही. मुलांना तसे सांगितले, तर ‘मॅडम, तुम्ही काठावर बसा, आम्ही आहोत ना’ असे म्हणतात. परंतु त्यांच्यापैकीही निम्म्यांना पोहता येत नाही. पालकांचे रात्री-अपरात्री फोन येतात. त्यातच एका मुलीने मला एकटीला गाठून सांगितले की तिला लहानपणापासून फिट्स येतात आणि हे कुणाला सांगायचे नाही, असे घरून बजावलेले आहे. सहल रद्द केली, तर मी भित्री ठरेन. नेली आणि काही बरेवाईट झाले, तर जन्मभर स्वतःला माफ करू शकणार नाही. उरलेल्या सहा आठवड्यांत पोहायला शिकून घेऊ का?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : जागेअभावी तुमचे पत्र थोडे आखडून छापले आहे. मूळ पत्रात ‘मला पोहता येत नाही’ हे वाक्य पाच वेळा आले असून आगाऊ भरलेल्या पैशांचा उल्लेख मात्र एकदाच, तोही जाता जाता, आला आहे. माझ्या मते या सहलीतील मोठा धोका त्या एकदाच आलेल्या उल्लेखात दडलेला आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

मी बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि त्या काळात कोकणात पुष्कळ सहली नेल्या. त्यांपैकी एका सहलीत, किनाऱ्याचे आणि संयोजकाचे नाव मुद्दाम देत नाही, आमची बस घाटात अडकल्यामुळे सकाळचा होड्यांचा कार्यक्रम दुपारी चारवर गेला. तोवर वारा चांगलाच सुटला होता आणि दूरवर पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला होता. ‘आता नको’ असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले, तेवढ्यात संयोजक म्हणाला, ‘सर, पैसे परत मिळणार नाहीत आणि उद्या दुसरी पार्टी आहे.’ मागे एकतीस मुले लाइफ जॅकेट घालून तयार उभी होती. मी तोंड मिटले. जेमतेम अर्धा किलोमीटर परत येण्यास मुलांना पावणेदोन तास लागले; कुणाला काही झाले नाही, हे केवळ नशीब. मला त्या वेळी उत्तम पोहता येत होते, कृष्णा मी अनेकदा आरपार पोहून गेलो होतो. पण त्या पोहण्याचा तिथे कवडीचाही उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तो फक्त ‘नाही’ म्हणण्याचा, आणि तो अधिकार मी सांगलीहून निघतानाच घरी विसरून आलो होतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पोहायला जरूर शिका, पण ते स्वतःसाठी आणि सवडीने. सहा आठवड्यांत तुम्ही तरण तलावाच्या दोन-चार लांब्या मारू लागाल. बुडणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला समुद्रातून ओढून आणण्याची ताकद आणि कसब त्यातून येणार नाही, उलट प्रसंगी पाण्यात उडी टाकण्याचा मोह मात्र होईल. बुडणाऱ्याच्या मिठीत त्याला वाचवायला गेलेलाही जातो, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पाण्यातून बाहेर काढणे हे प्रशिक्षकाचे आणि त्याच्यासोबतच्या इंजिनाच्या होडीचे काम आहे. मुळात पाण्यात जायचे की नाही, हे ठरवणे तुमचे काम आहे, आणि त्यासाठी पोहता येण्याची अट नाही. किंबहुना पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षा न पोहणारा माणूस हे काम अधिक नीट करतो, असे माझे मत झाले आहे, कारण त्याला पाण्याची भीती वाटते आणि त्या भीतीची लाजही वाटत नाही.

आता पैशांविषयी. येत्या आठवड्यातच संयोजकाकडून एका कागदावर लिहून घ्या की हवामान, वारा किंवा पाण्याची स्थिती पाहून तुम्ही कयाक पाण्यात घालू दिल्या नाहीत, तर त्या सत्राचे पैसे परत मिळतील किंवा वेगळी तारीख मिळेल, आणि हा निर्णय फक्त तुमचा असेल. तो काचकूच करू लागला, तर आगाऊ रक्कम बुडाली असे समजून दुसरा संयोजक शोधा. जो माणूस सांगलीत बसून ‘थांबू’ म्हणायला तयार नाही, तो देवबागच्या पुळणीवर बावीस मुले समोर उभी असताना थांबणार नाही. त्याच भेटीत त्याची पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा जलक्रीडेचा परवाना पाहायला मागा. साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आणले असून त्यानुसार अशा संयोजकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. मोबाइलवरची सुंदर छायाचित्रे आणि पाच तारे हा परवाना नव्हे. एका प्रशिक्षकामागे सहापेक्षा जास्त विद्यार्थी घेऊ देऊ नका. म्हणजे तुमच्या बावीस जणांना किमान चार प्रशिक्षक लागतील, आणि एवढे नसतील तर दोन तुकड्या करून एक तुकडी काठावर ठेवावी लागेल.

पालकांची भीती आणि प्रत्यक्षातला धोका यांत मोठे अंतर आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. पालक कयाक या अनोळखी शब्दाला घाबरतात. परंतु फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले आणि एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या समुद्रात बेळगावच्या महाविद्यालयातील आठ जण गेले, तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही कयाकमध्ये बसलेले नव्हते. ती मुले नुसती पाण्यात उतरली होती. लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षकाच्या नजरेसमोर, बंदिस्त खाडीत कयाक चालवणारा विद्यार्थी हा जेवण झाल्यावर ‘जरा गुडघाभर पाण्यात जाऊन येतो’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. तुमच्या वेळापत्रकातली खरी धोक्याची वेळ कयाकिंगची नसून संध्याकाळच्या मोकळ्या दोन तासांची आहे. तेव्हा नियम असा करा की ठरलेल्या सत्राखेरीज आणि अंगात लाइफ जॅकेट असल्याखेरीज कुणीही घोट्याच्या वर पाण्यात जाणार नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. आणि जो हा नियम मोडेल, तो पुढच्या सत्रात कयाकमध्ये बसणार नाही.

आपल्याकडच्या पोहणाऱ्या मुलांची मला न पोहणाऱ्यांहून जास्त काळजी वाटते. पाठीला डबा बांधून घाटावर पोहायला शिकलेल्या आणि पुढे आयर्विन पुलावरून नदीत उड्या टाकलेल्या मुलाला समुद्र म्हणजे मोठी कृष्णाच वाटते. नदीत दमलेला माणूस प्रवाहाबरोबर वाहत गेला, तरी फर्लांग-दोन फर्लांगांवर कुठल्या ना कुठल्या काठाला लागतो. समुद्राला काठ एकच, आणि ओहोटीची ओढ बरोबर त्याच्या उलट दिशेने असते. तशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचे नाही, तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि मग आत यायचे, ही गोष्ट नदीत शिकलेल्या मुलाच्या अंगवळणी नसते. ती त्यांना फळ्यावर चित्र काढून समजावून सांगा.

आता देवबागचे पाणी कसे आहे ते पाहू, कारण तुमचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. देवबाग ही वाळूची एक लांबट, चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोहोंचा संगम. खाडीचे पाणी शांत असते, दोन्ही तीरांवर माड आणि खारफुटी दिसते, आणि नवशिक्याला कयाक शिकण्यासाठी ही जागा फार चांगली आहे. संगमाची गोष्ट वेगळी. ओहोटीच्या वेळी खाडीतले सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या लाटांवर आदळते. तिथे लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. तुमच्या विद्यार्थ्यांनी या सहलीत खाडी सोडू नये आणि संगमापासून दूरच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘समुद्रात कयाकिंग’ असे पत्रकावर छापले असेल, तर छापू द्या.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी युक्ती आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेलाही ती दोन मिनिटांत येईल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे सायंकाळी आणि पहाटे साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला हेच उत्तर सहा येते. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक असू शकते, म्हणून प्रत्यक्ष वेळ छापील वेळापत्रकावरून किंवा तिथल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून पक्की करावी. पण संयोजक काही तरी ठोकून देतो आहे का, हे सांगलीत बसून ओळखायला ही पाऊणपट पुरेशी आहे.

पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्यामुळे खाडीतली ओढही जास्त असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ओढ कमी. यावरून तारखा बदला असे मी सांगेन, अशी तुमची अपेक्षा असेल, पण मी तसे सांगणार नाही. पौर्णिमेच्या सकाळी पाणी चढत असते, म्हणजे ते मुलांना संगमापासून दूर, खाडीत आत ढकलते. एखादी कयाक वाहवली, तरी ती चिखलात किंवा खारफुटीत जाऊन अडकेल. अष्टमीला ओढ मंद असली, तरी ती सकाळभर संगमाकडे असते. तेव्हा सकाळी आठला निघावे, चढत्या पाण्याबरोबर तास-दीड तास आत जावे, एखाद्या तीरावर उतरून खाऊन-पिऊन घ्यावे आणि अकरा-सव्वाअकराला पाणी थांबल्यासारखे होते, तेव्हा परत फिरावे. भरती-ओहोटीच्या सहा तासांतील मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी हलते. परतीची वेळ लांबत गेली आणि ओहोटीच्या त्या मधल्या तासांत मुले पाण्यात राहिली, तर तेच पाणी त्यांना संगमाकडे नेऊ लागेल. साडेबारापूर्वी शेवटची कयाक वाळूवर ओढलेली असली पाहिजे.

साडेबारा ही वेळ मी केवळ ओहोटीमुळे म्हणत नाही. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून शिकवला: रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दिवसा जमीन तापते, म्हणून तो समुद्राकडून जमिनीकडे येतो. परीक्षेत पाच गुणांचा हा प्रश्न किनाऱ्यावर फार महागात पडू शकतो. पहाटेचा मतलई वारा अंगाला लागत नाही, किनाऱ्याजवळचे पाणी आरशासारखे दिसते आणि पाठीवर वारा घेऊन कयाक अलगद समुद्रात आत जाते. परतताना मात्र तोच वारा तोंडावर येतो आणि नवखी माणसे दमतात. दुपारी खारा वारा वाढतो. नवशिका शांत पाण्यात ताशी चारेक किलोमीटर वल्हवू शकतो. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा आला की तो जागच्या जागी वल्ही मारत राहतो. वाऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र तुमच्याकडे असण्याची गरज नाही. पाण्यावर जागोजागी पांढरे फेसाचे ठिपके दिसू लागले, तर त्या दिवशीचे सत्र संपले, एवढे पुरे.

तुमच्या कागदावर थांबण्याच्या अटी तुम्ही स्वतः, आधीच, लिहून ठेवा आणि विद्यार्थ्यांना सांगलीतच वाचून दाखवा. फेस दिसला, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा असला, सोबतची इंजिनाची होडी किंवा ठरलेल्या प्रशिक्षकांपैकी एकही जण हजर नसला, बस उशिरा पोहोचून मुलांची झोप झालेली नसली, तर कयाक पाण्यात जाणार नाहीत. ही शेवटची अट मुलांना पटणार नाही. सांगलीहून रात्री निघून कोल्हापूर, गगनबावडा आणि घाट करत पहाटे मालवणला उतरायचे आणि सकाळी आठला वल्ही हातात घ्यायची, असा बेत त्यांच्या डोक्यात असणार. तो मोडून काढा. पहिला दिवस प्रवासाचा आणि किनारा पाहण्याचा, दुसरा कयाकचा, तिसरा सिंधुदुर्ग किल्ल्याचा आणि परतीचा ठेवा.

लाइफ जॅकेटविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ती गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिथे फसवणूक सर्वांत सोपी असते. प्रत्येक विद्यार्थ्याला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायला लावा, मग त्याच्या मागे उभे राहून खांद्याजवळचे दोन्ही भाग धरून वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत वर आले, तर ते ढिले किंवा मोठे आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल किंवा हनुवटीखाली अडकून बसेल. बक्कल तुटलेले, आतला फोम चुरा होऊन एका कोपऱ्यात गोळा झालेला, शिवण उसवून दोऱ्याने बांधलेली, असली जॅकेटे बाजूला काढा आणि संयोजकाच्या चेहऱ्याकडे पाहू नका. प्रत्येक जॅकेटला शिटी हवी. किरकोळ बांध्याच्या मुलींसाठी लहान मापाची जॅकेटे आहेत का, हे आत्ताच फोन करून विचारा. तिथे गेल्यावर ‘घाला हो, चालतंय’ असेच उत्तर मिळते. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट काय करते, हे २०१९ च्या महापुरात बोट उलटलेल्या, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावाने पाहिले आहे, तेव्हा दोन जणांच्या कयाकमध्ये ‘फोटोपुरते’ तिसऱ्याला बसवण्याची गंमतही नको.

निघण्यापूर्वी एक रविवार तरण तलावासाठी राखून ठेवा. कृष्णेत सराव करू, असे कुणी तरी म्हणेलच. तर औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, हे तुमच्या निसर्ग मंडळाला मी सांगावे असे नाही. तलावात प्रत्येकाने अंगावरच्या कपड्यांनिशी, जॅकेट घालून, खोल बाजूला पाठीवर निवांत तरंगून दाखवायचे आहे. ज्याला पोहता येत नाही, त्यानेही. जॅकेट आपल्याला वर धरते, हा विश्वास एकदा अंगात भिनला की माणूस उलटल्यावर हातपाय झाडत नाही. संयोजक एक कयाक सांगलीला आणू शकला, तर सोन्याहून पिवळे. ती मुद्दाम उलटवायची, तिच्या कडेला धरून राहायचे, पाय मागे सोडून लाथा मारत पोट कयाकवर घ्यायचे आणि मग अंग वळवून बसायचे. पहिल्या दोन प्रयत्नांत हे कुणालाही जमत नाही आणि तलावात सगळे हसतात, तेच बरे. उलटल्यावर कयाक सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचे नाही, हे त्यांच्या मनावर ठसवा. वरून उघडी, आतून पोकळ अशी ती कयाक बुडत नाही आणि माणसाच्या डोक्यापेक्षा लांबून दिसते. शोधणाऱ्याला आधी तीच सापडते.

तंबूंविषयी माझीच फजिती सांगतो. गुहागरच्या बाजूला एकदा संध्याकाळी पाचला पोहोचलो. समोर सपाट, टणक वाळूचे मैदान पसरलेले होते. मुलांनी तिथेच तंबू ठोकले आणि मीही खुशीत चहा घेत बसलो. रात्री पावणेअकराला एका मुलाने हाक मारली, ‘सर, माझी उशी ओली झाली.’ भाताचे पातेले झाकणासकट माझ्या डोळ्यांसमोर तरंगत निघाले होते. वर पूर्ण चंद्र होता. पंधराची पाऊणपट मला तेव्हाही तोंडपाठ होती. फरक एवढाच की संध्याकाळचा किनारा पाहताना मी शिक्षक नव्हतो, पर्यटक होतो. सामान हलवायला मदत करणाऱ्या तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने फक्त एवढेच विचारले, ‘गुरुजी, आज पुनव ना?’ तो प्रश्न मला अजून आठवतो. किनाऱ्यावर वाळलेले शेवाळ, काटक्या, नारळाच्या सोडणाच्या चोया आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची एक वेडीवाकडी रेघ पडलेली असते. ती आदल्या भरतीची खूण. पौर्णिमेला पाणी त्या रेघेच्याही वर येऊ शकते. तंबू त्या रेघेच्या बऱ्याच वर, सुरूच्या बनाजवळ हवेत. नारळाच्या झाडाखाली मात्र नकोत, का ते सांगत नाही.

खरे म्हणजे नऊ मुली सोबत असताना मी मोकळ्या पुळणीवर तंबू लावणारच नाही. देवबागमध्ये घरगुती राहण्याची सोय करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या कुंपण घातलेल्या वाडीत तंबू लावावेत, म्हणजे लाटांचा आवाज तोच राहतो आणि स्वच्छतागृह, गोडे पाणी, दिवा व रात्री दार ठोठावण्यासाठी एक घर हाताशी असते. पाळी आलेल्या मुलीला अंधारात वाळूवर जागा शोधत फिरावे लागू नये, ही गोष्ट सहलीच्या कुठल्याही नियोजनात पुरुष शिक्षकांकडून सुटते, माझ्याकडूनही सुटत असे. शेकोटीही वाडीतच करा. सिंधुदुर्गातील काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि उजेडाने त्यांची दिशा चुकते. निसर्ग मंडळाच्या मुलांना एवढे कारण पुरेसे व्हावे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे वाळूत बसलेले पाकट, हा शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जाते. त्याचा काटा लागलाच, तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. जेलीफिश लागल्यास जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी. किनाऱ्यावर पोहोचताच ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला गटाची माहिती द्यावी. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३ आणि ११२ हे तीन क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवेत. दारूची बाटली सापडली, तर त्या विद्यार्थ्याला पहिल्या एसटीने परत पाठवायचे, हेही पालकांसमोरच जाहीर करा.

पालकांच्या फोनवर उपाय सोपा आहे. एका रविवारी सर्वांना महाविद्यालयात बोलवा, भिंतीवर देवबागचा नकाशा लावा, संयोजकालाही समोर बसवा आणि त्यांना हवे ते विचारू द्या. सहलीत तुम्ही रोज एकच निरोप पाठवाल असे सांगा: दुपारी साडेबाराला, ‘सगळे पाण्याबाहेर, बावीस’. आकड्यासकट. रात्रीचे फोन त्याच दिवसापासून कमी होतील.

त्या मुलीविषयी शेवटी लिहितो, कारण तिथे घाई नको. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या पाठीमागे घरी कळवू नका. तिला बोलावून शांतपणे सांगा की पाण्यात फिट आली, तर जॅकेट असूनही तोंड पाण्यात जाऊ शकते, आणि अपुरी झोप हे फिट येण्याचे एक नेहमीचे कारण आहे, त्यामुळे रात्रीचा प्रवास आणि शेकोटीभोवतीचे जागरण तिच्यासाठी समुद्राइतकेच जपण्याचे आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय तिने कयाकमध्ये बसू नये. दरम्यान बावीसही विद्यार्थ्यांकडून आजार, औषधे आणि ॲलर्जी यांची माहिती विचारणारा एकच छापील फॉर्म पालकांच्या सहीने भरून घ्या, म्हणजे हा प्रश्न तिला एकटीला विचारल्यासारखे होणार नाही आणि घरच्यांनाही खरे लिहिण्याची एक संधी मिळेल. तरीही ते लपवले गेले, तर तिला सांगा की तुमच्यासोबतच्या दुसऱ्या शिक्षकाला आणि मुख्य प्रशिक्षकाला हे कळणे आवश्यक आहे आणि तिची संमती असेल तरच तिला नेता येईल. तिला काठावरचे काम द्या: किती कयाक गेल्या, किती वाजता गेल्या, किती परत आल्या, हे वहीत लिहिण्याचे. हे मन राखण्यासाठी दिलेले काम नव्हे. त्या वहीवरच तुमचा साडेबाराचा निरोप अवलंबून आहे. आणि सहलीत फिट आलीच, तर तिला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, वेळ पाहा, तोंडात चमचा घालू नका, आणि कुणी कांदा किंवा चप्पल हुंगवायला आले तर त्याला हाकला. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट रुग्णालय.

प्राचार्यांच्या तोंडी ‘जाऊन या’ला तुम्ही बळी पडू नये. या आठवड्यात त्यांना दीड पानाचे पत्र लिहा. त्यात सोबत पाण्याची सवय असलेला एक शिक्षक द्यावा ही मागणी, गटाचा विमा, संयोजकाच्या परवान्याची प्रत, वर सांगितलेल्या थांबण्याच्या अटी, आणि त्या अटींनुसार सत्र रद्द झाल्यास निर्णय तुमचा राहील व त्याचा जाब तुम्हाला किंवा विद्यार्थ्यांना विचारला जाणार नाही, हे वाक्य असावे. त्यांनी यावर ‘मान्य’ असे लिहून सही केली, तर सहल न्या. सही टाळली, तर सहल तुम्ही रद्द केलेली नसून त्यांनी केली आहे, असे विद्यार्थ्यांना सरळ सांगता येईल. पत्र कार्यालयात देताना आवक क्रमांक टाकून घ्या आणि स्थळप्रत स्वतःजवळ ठेवा.